एकाच नंबरची दोन घरे

मंडळी, चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय पोचत नाही. तारकर्लीला आलेल्या पाहुण्यांसाठी म्हणून तुम्ही मागच्या पडवीत दुसरी पेटी लावता, आणि होते तेही अडखळू लागते!

दोष बहुधा पत्त्याचा. कित्येक पेट्या कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा आयपी पत्ता घेऊन येतात. वाडीत दोन घरांना एकच नंबर, तर पोस्टमनने पत्र द्यावे कुणाला?

जोडण्याआधीच दुसरीच्या सेटिंगमध्ये पत्ता बदला. १९२.१६८.१.२ चालेल, फक्त पहिलीच्या वाटपात तो नसावा. पत्ते वाटणारे डीएचसीपी दुसरीत बंद करा. मग वायर लॅनच्या खाचेत घाला. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये नवा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका; पेटीचे पान उघडले की जुळले.

पत्ता पेटीच्या बुडावर लिहून ठेवा. खोळंबा नेमका गर्दीच्या दिवसांत होतो, आणि जाणता मुलगा असतो मुंबईला!