आधी शिकवणाऱ्यावर खर्च, मग स्मार्ट बोर्डवर



क्लासेस किंवा ट्रेनिंग सेंटर काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, स्मार्ट बोर्ड कुठला घेऊ? ॲप कितीत होईल?" माझं मत सरळ आहे. कर्ज काढून मशीन आणण्याआधी शिकवणाऱ्या माणसाच्या शिकण्यावर खर्च करा.

उदाहरण आपल्या सांगलीच्या पलीकडचं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी 2009 मध्ये रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीला आलेली, एका बाजूला गोठा, दुसरीकडे गोदाम. मुलांची मातृभाषा कन्नड. मग गुरुजी स्वतः कन्नड शिकले. पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली. कवितांचे ऑडिओ, धड्यांचे व्हिडिओ, गोष्टी तयार केल्या आणि ते सगळं क्यूआर कोडने पुस्तकाला जोडलं. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले. 2020 मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, 10 लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या 9 शिक्षकांना वाटली.

आता हिशोब बघा. क्यूआर कोड आज वडापावच्या गाड्यावरही असतो. तो छापायला खर्च किती? जवळजवळ नाहीच. किंमत होती ती कोडच्या मागे घातलेल्या कष्टांची.

साधनं नकोत असं मी म्हणत नाही. लॉकडाऊनमध्ये ज्या घरात मोबाईल नव्हता, तिथलं पोरगं मागं पडलं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पण साधन चालवणाराच जुना राहिला, तर भिंतीवरचा बोर्ड नुसता महागडा फळा होतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. म्हणजे आठवड्याला साधारण एक तास. सरकारच्या 'दीक्षा'वर ऑनलाइन कोर्स आहेत. पण व्हिडिओ चालू ठेवून चहाला गेलं आणि सर्टिफिकेट काढलं, तर ते शिकणं नव्हे. शिकलेलं दुसऱ्या दिवशी वर्गात दिसलं पाहिजे.

म्हणून तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक ओळ वाढवा: शिक्षकांचं प्रशिक्षण. आठवड्याला एक तास, आणि त्या तासाचा पगारही द्या. शिक्षक तुम्ही स्वतः असाल, तर तो तास स्वतःसाठी राखून ठेवा. ही ओळ भरल्यावरच बोर्डचं कोटेशन मागवा.