आधी पाणी, शेवटी दिवा

काचेची टाकी घ्यायला दुकानात गेले की बोलणे पहिल्यांदा दिव्यावर येते. किती वॉटचा, पांढरा की रंगीत, रिमोटचा की साधा? मग समोर हिरवीगार दिसतील ती झाडे पिशवीत पडतात. पाण्याचा विचार सुचतो तो घरी आल्यावर, बादली भरताना. सातारा-सांगलीकडच्या शौकिनांनी हा क्रम उलटा करावा, असे आमचे मत आहे. पण भरपूर उजेडाच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ते आधी ऐकू.

त्या बाजूचे दैवत म्हणजे जपानचे ताकाशी अमानो. टाकीत निसर्गचित्र उभे करायचे, त्यासाठी प्रखर दिवा लावायचा, पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, खत मोजून घालायचे आणि कात्री सतत हाताशी ठेवायची, ही त्यांची रीत. तिचे फळ डोळ्यांना दिसते. दिवा लागून काही तास झाले की पानांच्या कडेवर प्राणवायूचे बारीक बुडबुडे धरतात आणि एकेक सुटून वर जातो. रोटाला मॅक्रॅन्ड्राचे शेंडे कुंकवासारखे लाल होतात. कमी उजेडात हा रंग उतरतो. विजेचा बाऊ करण्यातही अर्थ नाही. ३० वॉटचा एलईडी रोज ८ तास लावला तरी महिन्याला जेमतेम ७ युनिट जळतात.

खरा खर्च दिव्यामागून येणाऱ्या वऱ्हाडाचा असतो. उजेड वाढला की झाडाची भूक वाढते. ती भागवायला वायू आणि खत कमी पडले की झाड थांबते आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसते. अनुबियाससारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडावर हे लवकर कळते. जाड, चिवट पानाच्या कडेला आधी काळसर लव दिसते. पुढे ती दाढीसारखी लांबते आणि बोटाने घासली तरी निघत नाही. बिचाऱ्या अनुबियासला झेपेल त्याहून जास्त वाढले गेले, एवढेच झालेले असते.

दुसरा पंथ अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांचा. त्यांचे पुस्तक १९९९ मध्ये आले. तळाशी साधी माती, तिच्यावर बारीक खडीचा पातळ थर, बेताचा उजेड, आणि खत म्हणजे माशांची विष्ठा व उरलेले खाद्य. सिलिंडर नाही, पंपांचा पसारा नाही. क्रिप्टोकोरिन, जावा फर्न, अनुबियास अशी झाडे यात सुखाने नांदतात. ६० लिटरच्या टाकीला त्यांच्यापुरता १० वॉटचा चांगला एलईडी ६-७ तास पुरतो. पण वाढ संथ, निवड मर्यादित, गालिचासारखी बारीक हिरवळ जवळजवळ विसरायची. ज्याला कात्री घेऊन टाकीपुढे बसायची हौस आहे, त्याला ही टाकी मुकी वाटेल, हेही खरे.

निवाडा करायचा तो पाण्याला विचारून. कृष्णा उगम पावते ती महाबळेश्वरच्या जांभ्या खडकात. डोंगरमाथ्यावरच्या त्या पावसाच्या पाण्यात क्षार थोडेच. हरिपूरला वारणेला भेटेपर्यंत ती काळ्या मातीचा मुलूख ओलांडून आलेली असते. वाळवा-मिरजेच्या क्षारपड पट्ट्यात तर बोअरचे पाणी तोटीवर पांढरे पुट चढवते. अशा जड पाण्यात रोटाला मॅक्रॅन्ड्रा रुसते, मग दिवा कितीही महाग असो. व्हॅलिसनेरिया मात्र पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही आपला कार्बन काढून घेते, म्हणून तिथेच फोफावते. माती वापरायची तर क्षारपड रानातली नको, हेही ओघाने आलेच. त्यात सांगलीचा उन्हाळा. पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतो. वीज गेली की दिवा विझतो, पण सिलिंडरला वीज जाताच बंद होणारी झडप नसेल तर वायू सुटतच राहतो आणि मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात.

मग आपल्याच डोंगरातली झाडे का लावू नयेत? युक्तिवाद गोड आहे, पण रोटाला मॅक्रॅन्ड्राही दक्षिण सह्याद्रीचीच. जवळची म्हणून ती सोपी झालेली नाही. साताऱ्याचे नाव मिरवणारा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, शास्त्राच्या दप्तरी नोंदला गेला १९८२ मध्ये. कास पठारावरच्या पावसाळी डबक्यात त्याचा दोन फाट्यांचा गुलाबी तुरा पाण्यावर डोलतो; पाणी आटले की कंद मातीत झोपी जातो. बारमाही पाणी आणि रोजचा दिवा ही त्याची ऋतुचर्याच नव्हे. शिवाय २०१२ पासून जागतिक वारशात असलेल्या पठारावरून कंद उपटणे ही सरळ चोरी आहे. देशी झाड हवे तर रोपवाटिकेत वाढवलेलेच घ्यावे.

छाटणीचेही तसेच. आपल्या ओढ्यांतली साधी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली आणि तिथले कालवे, तळी तुंबवून बसली. कृष्णेत फोफावणारी जलपर्णीही मुळात शोभेसाठीच सातासमुद्रापलीकडून आणलेली. कापलेल्या फांद्या नदीत नकोत. उन्हात वाळवून कुंडीत घालाव्यात.

तेव्हा आमचा कौल बेताच्या उजेडाकडे झुकतो, पण सरसकट नाही. साताऱ्याला हलके पाणी असेल आणि रोज वेळ देता येत असेल, तर अमानोंची वाट खुशाल धरावी. सांगलीत बोअरवर टाकी भरणाऱ्याने व्हॅलिसनेरिया आणि अनुबियासपासून सुरुवात करावी. दोघांनीही दिवा ६ तासांवर ठेवावा आणि महिनाभर झाड काय सांगते ते पाहावे. नवी पाने खुंटलेली दिसली आणि काच स्वच्छ असली, तर उजेड तासभर वाढवता येतो. पानाच्या कडेला एकदा धरलेली काळी लव मात्र दिवा कमी करून सुटत नाही. ते पान कापावेच लागते.