विश्लेषण : मेंदूच्या पेशी वाढवताना ‘माती’ कोणती?

भीमेकाठच्या काळ्या रानात ऊस, सांगोल्याच्या माळावर डाळिंब. माती पाहून पीक घ्यावे, हे पंढरपूर भागात कुणाला सांगावे लागत नाही. प्रयोगशाळेत चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, वाढवतानाही हाच नियम लागू आहे. तेथे मातीच्या जागी पोषक द्राव असतो. अल्झायमर, पार्किन्सनवरील अनेक औषधे आधी अशा पेशींवर तपासली जातात. त्यामुळे द्राव चुकला तर निष्कर्षही चुकू शकतो.

नेहमीचा द्राव का चालत नाही?

रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील चेतातंतू शरीराबाहेर, गोठलेल्या लसिकेत वाढताना दाखवले. पुढे ‘डीएमईएम’सारखे तयार द्राव आले. त्यात गाईच्या गर्भातील वासराचे रक्तद्रव्य, म्हणजे सीरम, मिसळतात. वेगाने विभागणाऱ्या पेशींना ते मानवते. न्यूरॉन मात्र विभागत नाहीत. सीरममुळे शेजारच्या आधारपेशीच तणासारख्या माजतात. शिवाय सीरमची प्रत्येक खेप वेगळी असते आणि ते मिळवण्याच्या पद्धतीवर नैतिक आक्षेपही आहेत.

मग पर्याय कोणते?

१९९३ मध्ये ‘न्यूरोबेसल’ द्राव आणि ‘बी-२७’ पूरक यांची सीरमविरहित जोडी आली. तिच्यात न्यूरॉन आठवडेच्या आठवडे टिकतात. पण टिकणे वेगळे, काम करणे वेगळे. अमेरिकेतील साल्क संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की, प्रचलित द्रावांत न्यूरॉनचे विद्युत संदेश मंदावतात. त्यांनी ‘ब्रेनफिज’ हा नवा द्राव मांडला.

फरक साखरेवरूनही कळतो. उपाशीपोटी रक्तातील साखर साधारण ७० ते १०० असते. न्यूरोबेसलमध्ये ती त्याच मापाने सुमारे ४५०, तर ब्रेनफिजमध्ये सुमारे ४५ आहे. मेंदूतील द्रवात साखर रक्तापेक्षा कमीच असते.

औषधाच्या चाचणीत गफलत कुठे होते?

‘बी-२७’मध्ये ई जीवनसत्त्वासारखे ऑक्सिडीकरणरोधक आणि इन्सुलिन असते. पेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखणारे औषध तपासायचे असेल, तर द्रावच आधी पेशींना वाचवून बसतो. औषधाचा गुण मग दिसणार कसा? यासाठी हे घटक वगळलेले पूरकही मिळते. पण ते आठवणीने निवडावे लागते.

काय व्हायला हवे?

प्रश्न आधी, द्राव नंतर. पेशी जगवायच्या असतील तर न्यूरोबेसल, संदेशवहन तपासायचे असेल तर ब्रेनफिजसारखा द्राव. खास द्राव महाग पडतात, ही अडचण खरी आहे. पण चुकीच्या द्रावात वाया गेलेली वर्षे त्याहून महाग असतात. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातील संशोधकांना पेशी पुरवते. पेशीची ओळख पटवूनच काम सुरू करावे, हे आज मान्य आहे. तशीच द्रावाचीही नोंद हवी : कोणता, का आणि दुसऱ्या द्रावात तोच निष्कर्ष आला का? सरकारी निधी देताना ही विचारणा सक्तीची करावी.

घरात विसरभोळेपणाचा रुग्ण असलेले कुटुंब ‘प्रयोगशाळेत यश’ अशा बातमीवर आशा बांधते. ते यश औषधाचे की द्रावाचे, हे त्यांना कळायलाच हवे.