खजूर घातला म्हणून साखर पळत नाही

रमजान जवळ आला की आमच्या रावेरमध्ये मोबाइलवर पाककृतींचा पूर येतो. 'शुगरवाल्यांसाठी खास चॉकलेट', 'बिनसाखरेची चॉकलेट बर्फी', 'नो शुगर ट्रफल'. दिवाळीच्या आधीही हेच. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मला मान्य आहे. पण त्या पाककृती शेवटपर्यंत वाचल्या की डोके तापते. पहिल्या ओळीत 'साखर नाही' आणि तिसऱ्या ओळीत पाव किलो खजूर. नाहीतर वाटीभर गूळ. नाहीतर मध. नाहीतर दोन पिकलेली केळी आणि वर दूध पावडर.

या फसवणुकीबद्दल आज मला स्पष्ट लिहायचे आहे, कारण ती ज्यांच्याशी होते ती माणसे आपल्याच घरातली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या इंडियाब पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आता तुमच्या गल्लीतली घरे मोजा. 'अम्मीला शुगर आहे', 'मामूंना शुगर निघाली', हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही?

साखरेची खरी ओळख तिच्या नावात नसते. आम्ही रावेरची माणसे आहोत, केळीच्या मुलखातली. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण केळे गोड का लागते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. कच्च्या केळ्यातला स्टार्च पिकताना साखरेत बदलतो. १०० ग्रॅम पिकलेल्या केळ्यात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यातली निम्मी साखर असते. तेच केळे वाळवून पूड केली की पाणी उडते आणि साखर तेवढीच राहते. खजुराच्या १०० ग्रॅम गरात ६५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, जराशी खनिजे आणि रंग सोबत घेऊन आलेली. मधात १०० ग्रॅमला सुमारे ८० ग्रॅम साखर. स्वादुपिंडाला नावे कळत नाहीत, त्याला ग्रॅम कळतात.

यावर ठरलेले उत्तर येते, 'पण हे नैसर्गिक आहे'. ऊससुद्धा शेतातच उगवतो. नैसर्गिक असणे ही वस्तू कुठून आली याची माहिती झाली. ती खाल्ल्यावर रक्तात काय होईल, याची हमी त्यात नाही. अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्सने हा प्रश्न केव्हाच निकाली काढला आहे. साखरेच्या जागी गोडीसाठी सुक्या फळांचा लगदा घातला, तर त्या पदार्थावर 'साखर घातलेली नाही' असा दावा करता येत नाही. कारखान्याला जे लिहायला मनाई आहे, ते आपण व्हॉट्सॲपवर बिनदिक्कत लिहितो.

दुसरे उत्तर आमच्या समाजात खास ऐकू येते, 'खजूर तर सुन्नत आहे, त्याने नुकसान कसे होईल?' रोजा खजुराने सोडावा, तो नसेल तर पाण्याने, ही रीत मला प्रिय आहे आणि तिच्यात किती साधेपणा आहे तेही दिसते. एखादा-दोन खजूर खाऊन रोजा सोडणे कुठे आणि तीस खजूर मिक्सरमध्ये फिरवून, वर चॉकलेट ओतून, त्याच्या दहा वड्या करणे कुठे! एका वडीत तीन खजूर गेले आणि खाणाऱ्याने 'बिनसाखरेची आहे' म्हणून तीन वड्या खाल्ल्या. पाककृतीचा मोह झाकायला सुन्नतचे नाव वापरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता चॉकलेटकडे येते. आपल्याकडच्या गावोगावच्या 'होममेड चॉकलेट' वर्गांत काय शिकवतात? मी एका वर्गाला गेले होते. बाजारातून आणलेली कंपाऊंडची लादी किसली, वाफेवर वितळवली, साच्यात ओतली, चमकदार कागदात गुंडाळली. झाले घरचे चॉकलेट. लादीचे वेष्टन कोणी वाचले नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, हा नियम आहे. त्या वेष्टनावर पहिले नाव साखरेचे होते, दुसरे घट्ट केलेल्या वनस्पती तेलाचे, आणि कोको त्यानंतर. कंपाऊंड म्हणजे हेच, कोको बटरच्या जागी स्वस्त वनस्पती चरबी. २०२४ साली जगात कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा या स्वस्ताईचा मोह आणखी वाढला असेल तर नवल नाही. त्या लादीत बदाम खोचला म्हणून ती पौष्टिक होत नाही आणि आपल्या ओट्यावर वितळली म्हणून घरची होत नाही.

मग दुकानातले 'शुगर फ्री' चॉकलेट? आपल्या देशातल्या नियमानुसार घन पदार्थात १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तर 'शुगर फ्री' लिहिता येते. नियम साखरेचा आहे, कर्बोदकांचा नाही. त्यामुळे अशा अनेक चॉकलेटांत माल्टिटॉल असते. ते साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर चढवतेच, आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडवते. वेष्टनावर बारीक अक्षरांत तसा इशाराही असतो. ग्राहक मोठी अक्षरे वाचतो आणि मोठा दाम मोजतो.

हे सगळे ऐकून काही जण म्हणतात, 'लो-कार्ब वगैरे श्रीमंतांचे चोचले. बदामाचे पीठ, परदेशी कोको बटर, आम्हाला कुठे परवडणार?' या आक्षेपात अर्धे सत्य आहे. इंटरनेटवरच्या पाककृती वाचल्या तर तसेच वाटते. पण खानदेशातल्या बाईने बदामाच्या पिठाकडे आशेने का पाहावे? आपल्या डब्यात शेंगदाणे आहेत. मसाल्यासाठी सुके खोबरे आहे. घरात तूप आहे. बाहेरून आणायची वस्तू एकच, बिनसाखरेची कोको पावडर, आणि तीही पाहून. पाकिटावर घटक एकच हवा, कोको. 'ड्रिंकिंग चॉकलेट' आणू नका, त्यात साखरच जास्त असते.

१०० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर भाजा, साले काढा आणि तेल सुटू लागेपर्यंत वाटा. ५० ग्रॅम खोबऱ्याचा कीस हलका परतून त्यात घाला. ३० ग्रॅम कोको चाळून घ्या. ४० ग्रॅम तूप कोमट करून सगळे एकत्र मळा. चिमूटभर मीठ घालाच, त्याने कोकोचा कडूपणा बोथट होतो. वेलची आवडीप्रमाणे. गोडीसाठी स्टीव्हियाचे थोडेच थेंब, कारण जास्त झाले की जिभेवर कडवट चव रेंगाळते. पाण्याचा थेंब लागू देऊ नका, मिश्रणाच्या गुठळ्या होतात आणि वड्या टिकतही नाहीत. ताटात थापा, तासभर फ्रिजमध्ये ठेवा, २० वड्या पाडा.

आता हिशेब, कारण हिशेबाशिवाय ही पाककृतीही त्याच पुरातली एक ठरेल. शेंगदाण्यांतून साधारण २१ ग्रॅम कर्बोदके, खोबऱ्यातून १२, कोकोतून १७. एकूण ५०. म्हणजे एका वडीत अडीच ग्रॅम, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग तंतूंचा, जो साखर बनून रक्तात जात नाही. तेवढ्याच वजनाच्या, म्हणजे ११ ग्रॅमच्या दुधाच्या चॉकलेटात साडेसहा ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात आणि ती जवळजवळ सगळी साखरच. फरक हा असा, मोजता येण्यासारखा.

दुकानातल्या चॉकलेटसारखी गुळगुळीत, कडक्कन तुटणारी लादी यातून होणार नाही. होऊही नये. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते, खोबरेल तर २४ अंशांच्या आसपास. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. रावेरच्या उन्हाळ्यात बेल्जियमची नक्कल करण्यात काय अर्थ आहे? शेंगदाणा आणि खोबरे वडीला अंगचा आधार देतात. ही चॉकलेटची वडी आहे, तिला तिचेच नाव द्या.

थोड्या सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत तर मीही त्या पाककृतीवाल्यांच्याच रांगेत बसेन. कर्बोदके कमी म्हणजे उष्मांक कमी, असे नाही. एका वडीत ६५-७० कॅलरी आहेत. ताटभर खाल्ल्या तर वजन वाढेलच. गोडव्याच्या पर्यायांबद्दलही डोळे उघडे ठेवा. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेची गोडके वापरू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. तो आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, पण 'हवे तितके घाला' असा परवाना त्यांनाही कोणी दिलेला नाही. एरिथ्रिटॉलचे रक्तातले जास्त प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा अभ्यासही त्याच वर्षी आला. म्हणून गोडी बेताची ठेवा, जीभ हळूहळू वळते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला ही वडी चालणार नाही. आणि एखादी वडी लो-कार्ब आहे म्हणून कोणी गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने कमी करू नये. रोजे ठेवणाऱ्या मधुमेहींनी तर रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत कठोर आहे आणि तो घरातलाच माणूस घेतो, 'एवढा खटाटोप कशाला? शुगर आहे तर गोड सोडून द्यावे.' बोलायला सोपे आहे. पण हे कोण कोणाला सांगते, ते पाहा. ईदच्या पहाटे शीरखुर्म्याचे पातेले ढवळणारी बाई अनेकदा स्वतःच शुगरची पेशंट असते. दूध आटवायचे, खजूर चिरायचे, साखर चाखून पाहायची आणि मग पाहुण्यांच्या वाट्या भरायच्या, हे तिचे काम. तिच्यासमोर दोनच रस्ते असतात. एक म्हणजे सर्वांना खाताना पाहणे. दुसरा म्हणजे भांडी आवरताना उरलेले गुपचूप खाणे. पहिल्याला आपण संयम म्हणतो आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टरांसमोर तिलाच रागावतो. तिच्यासाठी वेगळे काही करावे, हे घरात कोणाच्या मनातही येत नाही. बापाला शुगर असली तर त्याच्यासाठी वेगळी भाकरी होते, वेगळा चहा होतो. आईच्या शुगरसाठी काय वेगळे होते?

पुरुष तरी कुठे सुटतात? ईद मिलायला पाच घरी जा, पाच वाट्या समोर येतात. नको म्हटले तर 'एका वाटीने काय होते?' शेजारच्या बुऱ्हाणपूरहून कोणी मावा जिलेबी आणली तर तिलाही नाही म्हणायचे नाही. मेहमाननवाजी ही आमची शान आहे. पण पाहुण्याला सोसणार नाही ते त्याच्या हातात कोंबणे, ही कसली मेहमाननवाजी? त्या ताटात दोन वड्या त्याला चालतील अशा असल्या, तर आपला मान जातो की वाढतो?

म्हणूनच मी घरच्या लो-कार्ब चॉकलेटच्या बाजूने भांडते आहे. ते औषध नाही. त्याने कोणाचा मधुमेह जाणार नाही. पण सणाच्या दिवशी एका माणसाला दस्तरखानावर चोरून न खाता सगळ्यांसोबत खाता येते. हे लहान काम नाही. आणि म्हणूनच त्यात लबाडी चालत नाही. जो माणूस विश्वासाने वडी तोंडात टाकतो, त्याच्या डोळ्यांचा, पायांचा, मूत्रपिंडांचा प्रश्न आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. यापुढे 'शुगरवाल्यांसाठी' म्हणून कोणतीही पाककृती पाठवाल, तर तिच्याखाली तीन आकडे लिहा: कोणती वस्तू किती ग्रॅम, एकूण वड्या किती, एका वडीत कर्बोदके किती. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पुरतो. लिहिता येत नसतील तर पुढे पाठवू नका. शंका असेल तर ग्लुकोमीटर आहेच. खाण्याआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा तपासा. त्याला खजूर आणि साखर यांतला मानपान कळत नाही. आणि या ईदला ताटातली पहिली वडी, जिने शीरखुर्मा ढवळला, तिला द्या.