तोतया कोण?

डिझाइनच्या व्यवसायात नव्याने आलेल्या तरुणांशी बोलावे तर एक भीती हमखास कानी पडते : आपण येथे चुकून शिरलो आहोत आणि आज ना उद्या आपले बिंग फुटणार. काम पसंत पडले तर ते दैवाने, नापसंत झाले तर ती आपली खरी लायकी, असा उफराटा हिशेब ही मंडळी मांडीत असतात. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांमधील या भावनेचे वर्णन केले, तेव्हा तिला रोगाचे नाव दिले नव्हते. 'इम्पोस्टर सिंड्रोम' हा रोगवाचक शब्दप्रयोग मागाहून रूढ झाला. इम्पोस्टर म्हणजे तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा जो तोतया उभा राहिला, त्याला मात्र आपल्या लायकीची शंका कधी छळली असेल असे वाटत नाही.

रोग ठरविला की उपचारही रोग्यावरच होतो. आत्मविश्वास वाढवा, छाती पुढे काढून बोला, असा उपदेश सुरू होतो. परंतु मराठवाड्यातील एखाद्या एसटी वाहकाची मुलगी मुंबईच्या कचेरीत दाखल होते. तेथे कामाची चिकित्सा अवघी इंग्रजीत चालते, शेजारी बसणाऱ्याला शाळेपासूनच चित्रकलेची शिकवणी आणि घरचा संगणक लाभलेला असतो. तेथे तिला परके वाटले तर ते तिच्या मनाचे दौर्बल्य नव्हे. ती परिस्थिती अचूक वाचीत असते. चूक होते ती पुढल्या पायरीवर. 'हे मला अजून शिकावयाचे आहे' याचे 'ही जागा माझी नव्हे' असे रूपांतर होते तेव्हा.

डिझाइन ही एकट्या प्रतिभावंताची किमया आहे, ही समजूत त्या रूपांतरामागे असते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात गौरव आहे तो आपल्या साध्या लोट्याचा. तो कोणा एकाने नव्हे, अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्या घडविला, हेही तेथे नमूद आहे. म्हणजे या देशातील डिझाइन-शिक्षणाच्या मुळाशीच अनामिक कारागीर बसलेला आहे. तरीही जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला आरंभी कोल्हापूरचे नावही न घेता मांडल्या. टीका झाल्यावर ऋण मान्य केले. चपला शिवणारा 'कारागीर' आणि त्या मांडणारा 'डिझायनर', अशी ही विभागणी असेल, तर आपल्या मुलीने स्वतःलाच तोतया का मानावे?

ती सोबत काय घेऊन आली आहे ते पाहू. मोबाइलचा पडदा बहुधा इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखला जातो. त्यात मराठी मजकूर ओतला की वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला भिडतात, उकार खालून छाटले जातात, बटणावरचे शब्द मावत नाहीत. अर्जात नाव आणि आडनाव एवढेच रकाने. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये लिहिणाऱ्या आपल्या माणसाने काय करावे? घरी आईने फोन शेजाऱ्याच्या हाती देऊन अर्ज भरून घेतलेला तिने पाहिलेला असतो, म्हणून तिला हे दोष प्रथम दिसतात. हे ज्ञान कोणत्याही शिकवणीत विकत मिळत नाही. मात्र ते बोलून दाखविल्याखेरीज कचेरीला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि ही मुलगी तर गप्प बसलेली.

क्लान्स आणि आइम्स यांनीही अशा स्त्रियांना गटात एकत्र बसविण्याची शिफारस केली होती, ती योग्यच होती. तीच भीती दुसरीच्या तोंडून ऐकली की तिचे गुपितपण संपते. अर्धवट काम लपविण्यापेक्षा भिंतीवर लावावे. टीका रेखाटनावर असते, रेखाटणाऱ्यावर नव्हे, हे वाचून कळत नाही; दहा वेळा टीका ऐकल्यावर अंगवळणी पडते.

आणखी एक बाब, आणि ती केवळ मनाची नाही. स्वतःला तोतया समजणारा माणूस पगार मागत नाही. चाचणीच्या नावाखाली फुकट आराखडे करून घेणे, उमेदवारीचे महिने बिनपगारी ठेवणे, हे सारे या संकोचाच्या आधारे चालते. म्हणून या व्यवसायात दोन-चार वर्षे काढलेल्या आपल्या साथींनी नवागतांना दोन गोष्टी उघडपणे सांगाव्यात : आपला पहिला पगार किती होता, आणि आपले किती आराखडे परत आले होते.