छत उतरवा, पण हवा कोंडू नका

न्यूझीलंडमध्ये कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन भटकंती करणाऱ्यांत आता मराठी कुटुंबेही असतात. छत वर उचलता येणारी ‘पॉप-टॉप’ गाडी सोयीची वाटते. दिवसा साधी व्हॅन, रात्री वरच्या मजल्यावर मुलांचे अंथरूण. मात्र या वरच्या मजल्याच्या भिंती कापडी असतात आणि हा देश पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात आहे. दोन बेटांमधल्या कुक सामुद्रधुनीत वारा नरसाळ्यातून यावा तसा घुसतो. वेलिंग्टन शहर त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरला नुसते फडफडणारे कापड ६० किलोमीटरला फाटू शकते, छताचे आधारदांडे वाकू शकतात. म्हणून गाडी इमारतीच्या किंवा टेकडीच्या आडोशाला लावावी, झाडाखाली नव्हे. छत तिरके उघडत असेल, तर बिजागरीची बुटकी बाजू वाऱ्याकडे ठेवावी. हवामान खात्याचा इशारा असेल, तर छत उघडूच नये. मुलांना मध्यरात्री झोपेतून उठवून खाली आणण्यापेक्षा संध्याकाळीच खाली झोपवणे शहाणपणाचे. छत उघडे असताना वारा वाढलाच, तर झोत ओसरण्याची वाट पाहावी, आतली हवा बाहेर पडावी म्हणून एखादी खिडकी किंचित उघडावी आणि मगच छत उतरवावे. घाईत बोटे चेमटतात.

एवढे केले की प्रवासी निर्धास्त होतात. वैद्यकीयदृष्ट्या खरा धोका मात्र इथून पुढे सुरू होतो. छत उतरवल्यावर गाडीतली जागा आक्रसते. गार झोत नको म्हणून खिडक्या घट्ट लावल्या जातात. हवेसाठी तळाशी ठेवलेल्या झरोक्यांतही टॉवेल कोंबले जातात. बाहेर स्वयंपाक अशक्य, म्हणून गॅसची शेगडी आत पेटते आणि जेवण झाल्यावर उबेसाठी तशीच चालू राहते. कोणी विझत आलेल्या कोळशांची बार्बेक्यूची शेगडी आत घेतो. कोंडलेल्या हवेत ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने घेतलेले बळी महाराष्ट्राला नवे नाहीत. हा वायू तोच.

त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, गळून जाणे ही लक्षणे प्रवासाच्या शिणासारखी वाटतात. माणूस पडून राहतो आणि झोपेतच बेशुद्ध होतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो, कारण त्याला या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले वाटते. गाडीतल्या एकाहून अधिक जणांना एकाच वेळी असा त्रास होऊ लागला, तर शंका घेत बसू नये. सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे, शेगडी बंद करावी आणि १११ या आपत्कालीन क्रमांकावर मदत मागवावी. गर्भवती, लहान मुले आणि हृदयरोगी यांच्या बाबतीत तर क्षणाचाही उशीर नको.

भाड्याची गाडी ताब्यात देताना पलंग कसा उघडायचा हे हौसेने दाखवले जाते. वाऱ्यात काय करायचे आणि काय पेटवायचे नाही, हेही तितक्याच आग्रहाने सांगितले गेले पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही चैन नाही, तो सीटबेल्टइतकाच आवश्यक आहे. तो चालतो का, हे गाडी घेतानाच बटण दाबून पाहावे. आणि वादळी रात्री उबेसाठी जादा पांघरूण घ्यावे, जेवायला ब्रेड आणि फळे पुरवून घ्यावीत. एक रात्र गरम जेवणाविना काढता येते.