जुनी लाकडी बोट कोणी घ्यावी?

शिडाची जुनी लाकडी बोट विकायला निघाली की जाहिरातीत दोन शब्द हमखास असतात : 'क्लासिक' आणि 'रिस्टोअर्ड'. सोबत वॉर्निशने चकाकणारं सागवान, पितळी कड्या आणि पांढरीशुभ्र शिडं. आमच्या एनडीएच्या कोर्सच्या ग्रुपवर अशी एक जाहिरात मध्यंतरी फिरली. काही कोर्समेट वर्दी उतरवून बाहेर पडलेत, गाठीला थोडा पैसा आहे, त्यामुळे लगेच विचारणा झाली, "सहा जणांत घ्यायची का?" खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये ज्यांनी पहिल्यांदा शीड हाताळलं आणि बोटीसकट उलटून गटांगळ्या खाल्ल्या, त्यांना हा मोह समजेल.

माझं मत मी तिथे एका ओळीत दिलं : बाळगायची असेल तर घेऊ नका, चालवायची असेल तर जरूर घ्या. ते एका ओळीत पटण्यासारखं नाही, म्हणून हा लेख.

झाशीत बसून हा माणूस समुद्रातल्या बोटीवर काय लिहितोय, असं वाटेल. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पण लाकूड कसं वागतं हे शिकायला झाशीइतकी चांगली जागा नाही. छावणीतल्या जुन्या बंगल्यांचे दरवाजे बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की दाराच्या फळ्या आकसतात आणि फटींतून लूची धूळ घरभर होते. जुलैत पाऊस पडला की तेच दार फुगून चौकटीत असं अडकतं की खांदा लावावा लागतो. लाकडी बोटीचं शास्त्र नेमकं हेच आहे. पाण्यात असेपर्यंत फळ्या फुगलेल्या आणि सांधे घट्ट. बरेच दिवस कोरडी ठेवली की सांधे उघडतात. पुन्हा पाण्यात सोडली की आधी पाणी आत येतं, आणि लाकूड फुगलं की ते थांबतं. म्हणजे जे पाणी तिला बुडवू शकतं, तेच तिला धरूनही ठेवतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. 'सुहैली' हे नाव किती जणांनी ऐकलंय? ही जेमतेम 32 फुटांची, दोन डोलकाठ्यांची सागवानी बोट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा तरुण इंग्रज अधिकारी. त्याने ती कुलाब्याला बांधून घेतली. 1963 मध्ये काम सुरू झालं, डिसेंबर 1964 मध्ये बोट पाण्यात उतरली. आपल्या सुतारांनी ती वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा हातच्या अवजारांनी घडवली. आराखडा जुना, त्या काळातही कालबाह्य वाटणारा. मुंबईहून ती शिडांवरच इंग्लंडला गेली.

पुढचा भाग जाहिरात वाचणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची असं नॉक्स-जॉन्स्टनच्या मनात आलं. त्यासाठी त्याला मोठी पोलादी बोट हवी होती. पैसे उभे करायला त्याने 'सुहैली' विकायला काढली. गिऱ्हाईक मिळालं नाही. पोलादी बोटीचे पैसेही जमले नाहीत. मग तो होती तीच बोट घेऊन 14 जून 1968 ला फाल्मथहून निघाला. वाटेत बोट गळायला लागली. तळाजवळचा फळ्यांचा सांधा उघडला होता. भर समुद्रात पाण्याखाली बुड्या मारून त्याने त्यात कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. पुढे रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला, तो फाल्मथला परतला. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी तो एकटाच शेवटपर्यंत पोचला. बाजाराने जिची किंमत केली नाही, ती बोट.

या कथेचा उत्तरार्ध मला जास्त शिकवणारा वाटतो. 1990 च्या दशकात 'सुहैली' ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली गेली. छप्पर, नियंत्रित हवा, कौतुकाने बघणारे लोक. जुन्या बोटीला आणखी काय हवं? पण त्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसायला लागल्या. दक्षिण महासागराला जे जमलं नव्हतं, ते काम सुरक्षित दालन हळूहळू करत होतं. अखेर 2002 मध्ये मालकाने तिला बाहेर काढलं, पुढे फळ्यांचे जुने खिळे बदलले आणि पुन्हा पाण्यात सोडलं. जून 2018 मध्ये, निघाल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ती फाल्मथच्या पाण्यावर शिडं उभारून हजर होती. आपल्यापैकी जे निवृत्त होऊन मानाच्या खुर्चीत बसलेत, त्यांना यातला अर्थ वेगळा सांगायला नको.

आता आपल्याकडे बघू. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची 'ट्रिंकोमाली' बांधली, ती 1817 मध्ये पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. आणि 1971 च्या युद्धात पराक्रम गाजवलेली आपली 'विक्रांत'? काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून राहिली, मग धोकादायक ठरून बंद झाली आणि 2014 मध्ये साधारण 60 कोटींना भंगारात गेली. पोलादाचं अजस्र जहाज आणि छोटी लाकडी बोट यांची तुलना होत नाही, हे मान्य. पण दोन्हीकडे प्रश्न एकच : दरवर्षीची देखभाल कोण करणार? आपण वस्तू विकत घेतो, फीत कापतो, फलक लावतो. देखभालीचं खातं मात्र उघडायचं राहून जातं.

कौशल्य संपलंय म्हणावं, तर तसंही नाही. गोव्यात दिवाडी बेटावरच्या यार्डात 'म्हादेई' बांधली गेली, तिच्यातून दिलीप दोंदे आणि नंतर अभिलाष टॉमी यांनी प्रदक्षिणा केल्या. 'सुहैली'च्याच आराखड्यावरची 'तुरीया' 2017 मध्ये गोव्यातच तयार झाली. अजिंठ्याच्या चित्रावरून, काथ्याने फळ्या शिवून बांधलेली 'कौंडिण्य' मे 2025 मध्ये नौदलात आली. हात आहेत. त्यांना सतत काम हवं आहे.

यावर आमच्या एका मित्राचा आक्षेप असा : "फायबरग्लासची घे, धू, पूस, विसरून जा. लाकडाचा लाड कशाला?" मुद्दा खोटा नाही. 1985 ते 1987 मध्ये आपल्या सॅपर्सनी 'तृष्णा'तून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती जुनी घेतलेली पण फायबरग्लासचीच बोट होती. नुसतं शीड मारायचं असेल तर फायबरग्लास शहाणपणाचं. पण लाकडी बोट आणखी एक गोष्ट शिकवते : रोजची निगा. आपण रंगरुटाला रायफल रोज उघडून साफ करायला लावतो, ती रायफल घाण झालेली असते म्हणून नव्हे.

म्हणून कोर्समेटांनो, किंमत विचारण्याआधी हे विचारा. 'रिस्टोअर्ड' म्हणजे नक्की काय बदललं, रंग की फासळ्या? दोन-चार खिळे उपसून दाखवतील का? डेक कुठे गळतो? कारण खाऱ्या पाण्यापेक्षा साठलेलं पावसाचं पाणी लाकूड लवकर कुजवतं. आपल्या उबदार समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात, तर तळाचं संरक्षण किती जुनं आहे? जून ते सप्टेंबर ती कुठे उभी राहणार आणि तेव्हा तिच्याकडे कोण बघणार? विक्रेत्याचा नव्हे, आपला तज्ज्ञ नेऊन तपासा. आणि वर्षाचा देखभालीचा खर्च आधी मांडा, खरेदीची किंमत नंतर.

एवढं करूनही सहा जणांच्या नावावर बोट घ्यावी असं मला वाटत नाही. सहा मालक म्हणजे सुट्टीत सहा पाहुणे. ती सैन्यदलाच्या एखाद्या सेलिंग क्लबला किंवा एनसीसीच्या नौदल शाखेला द्यावी, आणि निवृत्तांनी पैशांसोबत वेळ द्यावा. कॅडेट शिडं चढवतील, सांधे भरायला आणि रंधा मारायला शिकतील. म्हातारे ओरडायला आहेतच. सुताराला बारमाही काम मिळेल. यातलं काही जमणार नसेल, तर जाहिरातीचा फोटो बघून समाधान मानावं आणि बोट जो चालवेल त्याला घेऊ द्यावी.